जपानी क्रीडामोटारगाड्यांची एंजिने

सु. १९६३ ते १९९५ या काळात जपानमध्ये तयार झालेल्या क्रीडामोटारगाड्या म्हणजेच स्पोर्ट्‌स कार आज जगभर जुन्या व संग्राह्य गाड्या म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या एंजिनांची मूळ रचना, कारखान्याबाहेर त्यांची पुन्हा केलेली बांधणी आणि अधिक शक्ती मिळविण्यासाठी त्यांत केले गेलेले फेरफार यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या एंजिनांचे वैशिष्ट्य असे की, त्यांपैकी बहुतेक एंजिने साध्या प्रवासी गाड्यांच्या एंजिनांपासून विकसित झाली. कर व प्रदूषण यांविषयीच्या कायद्यांनी त्यांचे आकारमान व शक्ती मर्यादित ठेवली होती. परंतु ओतकाम व घडीव भाग यांत बळाची बरीच राखीव शिल्लक होती. ही शिल्लक उपयोगात आणण्याच्या प्रयत्नांतून जपानमध्ये एक स्वतंत्र कसब व व्यवसाय उदयास आला. मात्र ही शिल्लक अमर्याद नाही. जुन्या एंजिनाच्या प्रत्येक फेरबांधणीत मूळ धातूचा काही अंश कायमचा नाहीसा होतो. त्यामुळे रूपांतर व जतन यांतील विरोध हा या विषयातील आजचा मुख्य प्रश्न ठरला आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मोटार उद्योगाने परदेशी कंपन्यांशी करार करून तंत्रज्ञान मिळविले. निसान कंपनीने १९५२ मध्ये ब्रिटनच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला व ऑस्टिन गाड्यांची जुळणी आणि पुढे त्यांच्या सुट्या भागांचे उत्पादन जपानमध्ये सुरू केले. ऑस्टिनचे १,४८९ घ. सेंमी. घनफळाचे एंजिन डॅटसन या छोट्या गाडीला मोठे होते. नवे लहान एंजिन स्वतंत्रपणे बनविण्याऐवजी याच एंजिनाचा आखूड धावेचा प्रकार काढावा, असा सल्ला अमेरिकन अभियंते डॉनल्ड स्टोन यांनी दिला. त्यानुसार सिलिंडरचा ७३ मिमी. व्यास कायम ठेवून दट्ट्याची (पिस्टनाची) धाव ८९ मिमी.वरून ५९ मिमी. करण्यात आली आणि ९८८ घ. सेंमी.चे एंजिन मिळाले. ते १९५७ च्या डॅटसन २१० गाडीत बसविण्यात आले. या गाडीने १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोबिलगॅस चाचणी शर्यतीत आपल्या गटात विजय मिळविला.

एकाच ओतसाच्यातील ठोकळ्यात वेगळ्या धावेचा भुजादंड (क्रँकशाफ्ट) घालून वेगळे एंजिन मिळविता येते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. पुढे जपानी कारखान्यांनी एंजिनांची घराणीच या तत्त्वावर उभारली. एका घराण्यातील निरनिराळ्या एंजिनांचे बरेचसे भाग परस्परांत बसू शकत. कारखान्याने ही सोय उत्पादनखर्च कमी राखण्यासाठी केली होती; परंतु नंतरच्या काळातील रूपांतरकारांना तिचाच मोठा उपयोग झाला.

शर्यती व २,००० घ. सेंमी.ची मर्यादा : जपानी नियमांनुसार १९६० पासून छोट्या मोटारगाड्यांच्या वर्गासाठी २,००० घ. सेंमी. ही एंजिनाच्या घनफळाची कमाल मर्यादा ठरली. तिच्यापुढील गाडीवर पुष्कळच अधिक कर बसे. म्हणून देशांतर्गत विक्रीच्या बहुतेक क्रीडामोटारगाड्यांची एंजिने या मर्यादेच्या किंचित आत राहिली. टोयोटाच्या ३ एम एंजिनाचे घनफळ १,९८८, निसानच्या एस २० चे १,९८९ व एल २० चे १,९९८ घ. सेंमी. होते. घनफळ वाढविण्यास वाव नसल्यामुळे शक्ती वाढविण्याचा मार्ग म्हणजे फेऱ्यांचा वेग वाढविणे व सिलिंडरात अधिक हवा शिरेल अशी व्यवस्था करणे हाच होता.

सुझुका येथील शर्यतमार्ग १९६२ मध्ये तयार झाला व तेथे १९६३ मध्ये पहिली जपान ग्रां प्री शर्यत झाली. १९६४ च्या दुसऱ्या शर्यतीसाठी प्रिन्स कंपनीने स्कायलाइन या चार सिलिंडरांच्या गाडीचा पुढील भाग २०० मिमी.ने लांबवून तीत ग्लोरिया या मोठ्या गाडीचे सहा सिलिंडरांचे जी ७ एंजिन बसविले. शर्यत पोर्शे ९०४ या जर्मन गाडीने जिंकली. तथापि तेत्सू इकुझावा यांची स्कायलाइन काही काळ तिच्यापुढे होती. या घटनेचा जपानी जनमानसावर खोल परिणाम झाला. शिनिचिरो साकुराई (१९२९–२०११) हे स्कायलाइनच्या विकासामागील प्रमुख अभियंते होते. प्रिन्स कंपनीने पुढे आर ३८० ही शर्यतीची गाडी तयार केली व तिने १९६६ ची जपान ग्रां प्री जिंकली. त्याच वर्षी प्रिन्स कंपनी निसानमध्ये विलीन झाली.

आर ३८० च्या एंजिनावरून बेतलेले एस २० एंजिन १९६९ मध्ये स्कायलाइन २००० जीटी-आर या गाडीतून सर्वसामान्य ग्राहकाला मिळू लागले. त्यात शीर्षावर दोन कॅमदंड, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा व तीन जोड-कार्ब्युरेटर होते. सिलिंडरचा व्यास ८२ मिमी. व धाव केवळ ६२·८ मिमी. असल्याने ते मिनिटाला ७,००० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती देई. हेच एंजिन फेअरलेडी झेड ४३२ या गाडीत वापरण्यात आले. तिच्या नावातील ४, ३ व २ हे अंक अनुक्रमे चार झडपा, तीन कार्ब्युरेटर व दोन कॅमदंड यांचे निदर्शक आहेत.

टोयोटाने यामाहा कंपनीच्या सहकार्याने २००० जीटी ही गाडी १९६७ मध्ये विक्रीस आणली. तिचे ३ एम एंजिन क्राउन या प्रवासी गाडीच्या एम एंजिनावर आधारलेले होते. यामाहाने त्यासाठी दोन कॅमदंडांचे नवे ॲल्युमिनियमचे शीर्ष तयार केले व एंजिनाची शक्ती १५० अश्वशक्तीपर्यंत नेली. अशा सु. ३५० गाड्याच बनल्या. सोइचिरो होंडा (१९०६–९१) यांच्या कंपनीने मोटारसायकलींचा अनुभव मोटारगाड्यांत आणला. १९६६ च्या एस ८०० या गाडीचे ७९१ घ. सेंमी.चे एंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांना ७० अश्वशक्ती देई. त्याला चार सिलिंडरांसाठी चार कार्ब्युरेटर होते व त्याचा भुजादंड सुईसारख्या बारीक रुळांच्या धारव्यांवर फिरे. ही बांधणी उत्तम, परंतु खर्चिक होती. पुढे मात्र लोकप्रिय झाली ती साधीच एंजिने.

निसानची एल मालिका : शीर्षावर एकच कॅमदंड, प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा, ओतीव बिडाचा ठोकळा व ॲल्युमिनियम मिश्रधातूचे शीर्ष अशी एल मालिकेतील सहा सिलिंडरांच्या एंजिनांची साधी रचना होती. १९६९ मध्ये आलेल्या फेअरलेडी झेड या गाडीत जपानमध्ये एल २०, तर निर्यातीच्या डॅटसन २४० झेड गाडीत एल २४ एंजिन बसविले जाई. पुढे एल २६ व एल २८ हे प्रकार आले. त्यांची मापे पुढीलप्रमाणे होती : एल २४ – व्यास ८३ मिमी., धाव ७३·७ मिमी., घनफळ २,३९३ घ. सेंमी.; एल २६ – व्यास ८३ मिमी., धाव ७९ मिमी., घनफळ २,५६५ घ. सेंमी.; एल २८ – व्यास ८६ मिमी., धाव ७९ मिमी., घनफळ २,७५३ घ. सेंमी.

या एंजिनाची मजबुती शर्यतींत सिद्ध झाली. अमेरिकेत पीटर ब्रॉक यांच्या संघाच्या २४० झेड गाडीने १९७० व १९७१ मध्ये आपल्या वर्गातील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पूर्व आफ्रिकेतील खडतर सफारी शर्यत या गाडीने १९७१ व १९७३ मध्ये जिंकली. १९७३ चे विजेते शेखर मेहता हे भारतीय वंशाचे व युगांडात जन्मलेले चालक होते. एस २० एंजिने मोजकीच तयार झाली. याउलट पहिल्या पिढीच्या झेड गाड्यांचीच संख्या पाच लाखांवर गेली. भाग मुबलक व स्वस्त असल्याने एल २८ हे रूपांतरकारांचे प्रमुख एंजिन बनले.

त्यात एक मूलभूत उणीव होती. हवा आत येण्याचे व जळालेले वायू बाहेर जाण्याचे मार्ग शीर्षाच्या एकाच बाजूस होते. त्यामुळे वायूंना वळण घ्यावे लागे व येणारी हवा तापत असे. निसानने शर्यतींसाठी एलवाय हे आरपार मार्गांचे शीर्ष बनविले होते. ओकायामा येथील ओ. एस. गिकेन या लहान कंपनीने १९८० च्या सुमारास एल २८ च्या ठोकळ्यावर बसणारे दोन कॅमदंडांचे व चोवीस झडपांचे शीर्ष तयार केले. टीसी २४ या नावाने ओळखले जाणारे हे शीर्ष अगदी थोड्याच संख्येने बनले. तथापि एखादी लहान कार्यशाळा मोठ्या कारखान्याने न केलेले काम स्वतःच्या बळावर करू शकते, याचे ते ठळक उदाहरण होय.

घनफळवाढीचे गणित : एल २८ चे सर्वांत प्रसिद्ध रूपांतर ३·१ लिटरचे आहे. निसानच्या एलडी २८ या डीझेल एंजिनाचा भुजादंड ८३ मिमी. धावेचा असून तो एल २८ च्या ठोकळ्यात बसविता येतो. सिलिंडरचा व्यास ८६ वरून ८९ मिमी. केल्यास एकूण घनफळ ३,०९८ घ. सेंमी. होते. सिलिंडरची भिंत यात सर्व बाजूंनी १·५ मिमी. पातळ होते.

धाव वाढविली की, दट्ट्या वरच्या टोकाशी किती उंच येईल, हे पाहावे लागते. एल २८ च्या ठोकळ्यात भुजादंडाच्या अक्षापासून वरच्या पृष्ठापर्यंतचे अंतर सु. २०७·८५ मिमी. आहे. मूळ एंजिनात धावेचा अर्धा भाग ३९·५ मिमी., संयोगदांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड १३०·३५ मिमी. व दट्ट्याच्या खिळीपासून माथ्यापर्यंतची उंची सु. ३८ मिमी. यांची बेरीज एवढीच होते. डीझेल भुजादंडाची अर्धी धाव ४१·५ मिमी. आहे. त्याला एल २४ चा १३३ मिमी. लांबीचा संयोगदांडा जोडल्यास दट्ट्यासाठी केवळ ३३·३५ मिमी. उरतात. म्हणून खिळीच्या वर कमी उंची असलेले दट्टे निवडावे लागतात. लांब संयोगदांड्याने दट्ट्याचा सिलिंडरच्या भिंतीवरील आडवा दाब कमी होतो, हा त्याचा लाभ होय.

घनफळाबरोबर संपीडन गुणोत्तरही बदलते. मूळ एंजिनात ते ८·३ असल्यास प्रत्येक सिलिंडरच्या ४५९ घ. सेंमी. घनफळामागे ज्वलनासाठी सु. ६३ घ. सेंमी. जागा असते. ही जागा तेवढीच ठेवून सिलिंडरचे घनफळ ५१६ घ. सेंमी. केले, तर गुणोत्तर सु. ९·२ होते. गुणोत्तर वाढल्याने इंधनातून अधिक काम मिळते; परंतु ते मर्यादेपलीकडे गेल्यास मिश्रण ठिणगीवाचून पेटते, एंजिनात ठोके बसू लागतात व दट्ट्याचा माथा वितळून भोक पडू शकते. म्हणून शीर्षाची निवड, दट्ट्याच्या माथ्याचा आकार, इंधनाचा ऑक्टेन अंक व प्रज्वलनाची वेळ यांचा मेळ घालावा लागतो [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

फेऱ्यांचा वेग हीही एक मर्यादा आहे. दट्ट्याची सरासरी गती धावेची दुप्पट लांबी व फेऱ्यांची संख्या यांच्या गुणाकाराएवढी असते. एस २० मध्ये मिनिटाला ७,००० फेऱ्यांना ती सेकंदाला सु. १४·७ मी., तर ८३ मिमी. धावेच्या एल एंजिनात तेवढ्याच फेऱ्यांना सु. १९·४ मी. होते. दट्टा व संयोगदांडा यांवरील जडत्वजन्य भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० ऐवजी ७,५०० फेरे केल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. शिवाय सहा सिलिंडरांचा लांब भुजादंड ठरावीक फेऱ्यांना पिळला जाऊन कंप पावतो. त्यासाठी पुढील टोकास कंपशामक कप्पी आवश्यक असते. यावरून एंजिनातील शक्तिवाढ ही कोठेतरी वाढलेल्या भाराच्या मोबदल्यातच मिळते, हे स्पष्ट होईल.

बांधणीची प्रक्रिया : एंजिन पूर्णपणे सुटे करून, धुऊन व मोजून मगच बांधणीचा निर्णय घेतला जातो. ठोकळ्यातील तडे चुंबकीय पद्धतीने शोधतात आणि सिलिंडरांच्या भिंतींची जाडी श्राव्यातीत ध्वनीने अनेक ठिकाणी मोजतात. एल २८ मध्ये शेजारचे सिलिंडर एकमेकांस जोडून ओतलेले असून त्यांच्यामधून पाणी फिरत नाही. तसेच ओतकामाच्या वेळी आतील गाभा किंचित सरकला असल्यास एकाच सिलिंडरची भिंत एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ असते. म्हणून एक ठोकळा ८९ मिमी. व्यास सहज पेलतो, तर त्याच सालचा दुसरा ठोकळा त्यास अयोग्य ठरतो. शीर्ष आवळल्यावर सिलिंडर किंचित विकृत होतात. यासाठी शीर्षाच्या जागी जाड पोलादी पाट आवळून मगच सिलिंडर कोरतात व घासून अंतिम मापास आणतात.

भुजादंड तपासून गरजेप्रमाणे लहान मापास घासला जातो. धाव्यातील मोकळीक साधारणतः जर्नलाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे ५५ मिमी. जर्नलास सु. ०·०५५ मिमी. ठेवतात. ती कमी झाल्यास वंगणाचा पापुद्रा टिकत नाही, अधिक झाल्यास वंगणाचा दाब घटतो. दट्टे व संयोगदांडे यांची वजने जुळवून भुजादंड, प्रचक्र व कप्पी यांचे संतुलन साधतात. शीर्षातील वायुमार्ग हाताने घासून रुंद व सुरळीत केले जातात; परंतु केवळ रुंदी वाढविल्यास कमी फेऱ्यांना वायूची गती मंदावते. झडपा अधिक उचलणारा व अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमदंड उच्च फेऱ्यांना उपयुक्त असला, तरी संथ चालीत एंजिन अडखळते. झडप व दट्टा एकमेकांस लागत नाहीत ना, हे पाहण्यासाठी दट्ट्याच्या माथ्यावर मऊ माती चिकटवून एंजिन हाताने फिरवितात व मातीवर उमटलेल्या ठशाची जाडी मोजतात. फ्रान्सच्या सोलेक्स कंपनीच्या परवान्याने जपानमध्ये मिकुनी कंपनीने बनविलेले ४४ व ५० मिमी.चे जोड-कार्ब्युरेटर किंवा इटालियन वेबर कार्ब्युरेटर या रूपांतरांत विशेष प्रचलित आहेत.

घूर्णी एंजिन : टोयो कोग्यो, म्हणजे पुढील काळातील माझ्दा कंपनीने जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून परवाना घेऊन व्हांकेल घूर्णी एंजिन विकसित केले. केनिची यामामोतो (१९२२–२०१७) यांच्या गटापुढील मोठी अडचण म्हणजे त्रिकोणी घूर्णकाच्या टोकांवरील पट्ट्यांनी घराच्या आतील पृष्ठावर उमटविलेले लहरींसारखे ओरखडे. त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. ॲल्युमिनियमयुक्त कार्बनाच्या पट्ट्या वापरून ही अडचण दूर झाली व १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही ११० अश्वशक्तीची गाडी बाजारात आली. १९७८ पासूनच्या आरएक्स-७ गाड्यांमुळे घूर्णी एंजिनाचे रूपांतर सर्वत्र पसरले. या एंजिनात झडपा नसतात. वायुमार्गाचा आकार व स्थान यांवरच शक्ती अवलंबून असते. बाजूच्या पाटातील मार्ग मोठे करणे, त्यांस जोडून अरुंद पुलापलीकडे दुसरा मार्ग कोरणे आणि घराच्या परिघावर नवा मार्ग पाडणे, अशा तीन चढत्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला शक्ती वाढते, पण इंधनाचा खप व संथ चालीतील अस्थिरताही वाढते. घर एकदा कोरले की ते पूर्ववत करता येत नाही.

प्रदूषणनियम व टर्बोचार्जर : १९७३ पासून जपानमध्ये निष्कास वायूंवरील नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १९७८ च्या नियमाने नायट्रोजन ऑक्साइडांचे सरासरी प्रमाण दर किमी.ला ०·२५ ग्रॅमवर आणले. एस २० एंजिनाची दुसरी जीटी-आर गाडी १९७३ मध्ये केवळ १९७ च्या संख्येने बनून बंद झाली, तिला तेलसंकटानेही गाठले. अनेक कार्ब्युरेटरांची उच्च शक्तीची एंजिने कारखान्यांतून एकामागून एक नाहीशी झाली. कारखान्याने सोडलेली ही जागा स्वतंत्र कार्यशाळांनी भरून काढली. शर्यतींशी संबंधित तोमेई ही कंपनी १९६८ मध्ये व फूजी पर्वताच्या पायथ्याशी यामाहाचे माजी अभियंते हिरोयुकी हासेगावा यांनी काढलेली एचकेएस ही कंपनी १९७३ मध्ये स्थापन झाली. एचकेएसने एल एंजिनासाठी टर्बोचार्जरचा सुटा संच १९७० नंतरच्या दशकातच विक्रीस आणला.

कारखान्यांनीही निष्कास वायूंच्या ऊर्जेवर चालणाऱ्या टर्बोचार्जरचा आश्रय घेतला. निसानच्या प्रवासी गाड्यांत १९७९ मध्ये एल २० ईटी हे पहिले टर्बोचार्जरयुक्त जपानी एंजिन आले. इंधन अंतःक्षेपण, ऑक्सिजन संवेदक व इलेक्ट्रॉनीय नियंत्रण यांमुळे स्वच्छ निष्कास व शक्ती यांचा मेळ बसू लागला. टोयोटाचे १,५८७ घ. सेंमी.चे व सोळा झडपांचे ४ए-जीई एंजिन १९८३ मध्ये कोरोला लेव्हिन व स्प्रिंटर ट्रुएनो या गाड्यांत आले. टर्बोचार्जर नसतानाही ते हलके व उत्साही म्हणून गाजले. त्या काळातील शक्तीचे आकडे एंजिन गाडीबाहेर तपासून काढलेले असत. १९८५ च्या सुमारास प्रत्यक्ष बसविलेल्या अवस्थेतील मापनाची पद्धत रूढ झाली. म्हणून दोन्ही काळांतील आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे १९८९ चे निसानचे आरबी २६ डीईटीटी एंजिन होय. त्याचा व्यास ८६ मिमी. व धाव ७३·७ मिमी. आहे, म्हणजेच जुन्या एल २८ चा व्यास व एल २४ ची धाव येथे एकत्र आली. त्याचे २,५६८ घ. सेंमी. घनफळ शर्यतीच्या नियमांवरून ठरले. ‘अ’ गटाच्या शर्यतींत टर्बोचार्जरयुक्त एंजिनाच्या घनफळास १·७ ने गुणीत. हा गुणाकार ४,५०० घ. सेंमी.च्या वर्गात बसतो. हे एंजिन असलेल्या स्कायलाइन जीटी-आर गाड्यांनी १९९० ते १९९३ या काळातील जपानी मालिकेच्या सर्व २९ शर्यती जिंकल्या. रस्त्यावरील गाडीची शक्ती मात्र २८० अश्वशक्ती अशीच जाहीर केली जाई. कारण त्यापुढे न जाण्याचा जपानी कारखान्यांचा आपसांतील संकेत होता व तो २००४ पर्यंत टिकला. शर्यतीतील भार सोसण्यासाठी बनविलेला बिडाचा ठोकळा या संकेताच्या कितीतरी पलीकडची शक्ती पेलत असल्याने रूपांतरकारांना येथे मोठा वाव मिळाला. टोयोटाच्या ८६ मिमी. व्यास व तेवढीच धाव असलेल्या २जेझेड-जीटीई या २,९९७ घ. सेंमी. एंजिनाबाबतही असेच घडले. तथापि सुरुवातीच्या आरबी २६ एंजिनांत वंगणपंप फिरविणारा भुजादंडावरील सपाट भाग आखूड होता. उच्च फेऱ्यांना पंपाची चक्रे फुटू नयेत म्हणून तेथे रुंद कडे बसविणे हे या एंजिनाच्या बांधणीतील नेहमीचे काम झाले.

व्यवसाय व कायदा : जपानमध्ये मोटारगाडीची ठरावीक मुदतीने सरकारी तपासणी होते. एंजिनाचे घनफळ बदलल्यास बदलाची नोंद करून स्वतंत्र तपासणी घ्यावी लागते व कराचा वर्गही बदलतो. दीर्घकाळ हे नियम इतके कडक होते की, पुष्कळशी रूपांतरे नियमबाह्य ठरत. १९८० नंतरच्या दशकात टोकियोच्या किनारी द्रुतगती मार्गावर रात्री धोकादायक वेगाने गाड्या हाकण्याचे प्रकार वाढले व एंजिनांच्या रूपांतराकडे समाज संशयाने पाहू लागला. याच काळात या व्यवसायातील जाणत्यांनी यातबे येथील बंदिस्त चाचणीमार्गाचा आश्रय घेतला. तेथे १९८३ मध्ये एचकेएसच्या रूपांतरित टोयोटा गाडीने ताशी ३०० किमी.ची मर्यादा ओलांडली. १९९५ मध्ये सरकारने रूपांतराचे नियम शिथिल केले व या व्यवसायाला उघड मान्यता मिळाली.

जतनाचा प्रश्न : या गाड्यांना ऐतिहासिक मूल्य आल्यावर रूपांतराचा विचार नव्याने होऊ लागला. बिडाच्या ठोकळ्याचा सिलिंडर काही वेळाच कोरता येतो. ८९ मिमी.पर्यंत नेलेल्या एल २८ मध्ये पुढील दुरुस्तीस फारसा धातू उरत नाही. नवी नळी बसवून असा ठोकळा वाचविता येतो, परंतु त्यालाही मर्यादा आहेत. पूर्वी मुबलक म्हणून बेफिकीरपणे वापरलेले ठोकळे व शीर्षे आता दुर्मिळ झाली आहेत. एस २० सारख्या मोजक्या संख्येच्या एंजिनांत तर प्रत्येक मूळ भाग ऐतिहासिक पुरावाच ठरतो. दुसऱ्या बाजूने, रूपांतर हाही या गाड्यांच्या इतिहासाचा भाग आहे. १९७५ मध्ये निष्णात कारागिराने बांधलेले एंजिन पुन्हा कारखान्याच्या स्थितीत नेणे म्हणजे एक पुरावा पुसून टाकणेच होय.

यावर दोन उपाय रूढ होत आहेत. मूळ अंकित ठोकळा तसाच जपून ठेवावयाचा व रूपांतरासाठी त्याच घराण्यातील दुसरा ठोकळा वापरावयाचा, हा पहिला. कारखान्यांनी जुने भाग पुन्हा बनविणे हा दुसरा उपाय होय. माझ्दाने जुन्या रोडस्टर गाड्यांसाठी व निसानच्या निस्मो विभागाने आर ३२ जीटी-आर गाडीसाठी २०१७ मध्ये भागांचे पुनरुत्पादन सुरू केले. टोयोटाने २०२० पासून सुप्रा व २००० जीटी या गाड्यांचे निवडक भाग पुन्हा उपलब्ध केले. ओ. एस. गिकेननेही आपले चोवीस झडपांचे शीर्ष सुधारित स्वरूपात पुन्हा तयार केले. जपानी कररचना मात्र या प्रयत्नांना अनुकूल नाही. पहिल्या नोंदणीपासून तेरा वर्षे झालेल्या पेट्रोल गाडीवर वार्षिक मोटारकर सु. १५ टक्के अधिक आकारला जातो.

भागांपेक्षाही दुर्मिळ होत आहे ते कसब. तीन जोड-कार्ब्युरेटरांचा मेळ कानाने बसविणारे व ओतकामातील दोष ओळखून ठोकळा निवडणारे कारागीर वृद्ध झाले आहेत. त्यांचे ज्ञान बहुतांशी मोजमापांच्या वह्यांत व हातांच्या सवयीत आहे. संगणकनियंत्रित यंत्रांनी नवा ठोकळा कोरता येईल. परंतु किती कोरावे व कोठे थांबावे, हा निर्णय अनुभवावरच अवलंबून राहतो. या एंजिनांचे भवितव्य उरलेल्या धातूइतकेच हा अनुभव पुढील पिढीकडे किती पोहोचतो, यावर अवलंबून आहे [⟶ मोटारगाडी].